तेरावी काच

सोमवती अमावास्येला जेजुरीला पांढरा शर्ट घालून जाऊ नये, एवढं तरी मला पासष्टाव्या वर्षी कळायला हवं होतं. संध्याकाळी सासवडला घरी उतरलो तेव्हा बायकोने दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हा आता खंडोबालाच वाहा." ओट्यावर मात्र माझ्या शर्टापेक्षा मोठं संकट मांडलेलं होतं. जुन्या वर्तमानपत्रावर मुलीची लेन्स, लेन्सच्या तोंडावर फुटक्या फिल्टरचं जाळं, आणि अल्याड-पल्याड मांडी घालून बसलेली दोन माणसं. एक माझा थोरला भाऊ, दुसरी माझी मुलगी.

झालं होतं ते असं. पालखी हलली तसा गडावर रेटा आला. मुलीच्या खांद्यावरचा कॅमेरा पट्ट्यासकट झुलला आणि तोंडावर दीपमाळेच्या दगडाला आपटला. येळकोटाच्या गजरातही तो 'टच्' मला ऐकू आला. लेन्सचं हूड असतं तर धक्का त्याच्यावर गेला असता, पण हूड गाडीत राहिलं होतं आणि सामान सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे पुढच्या सगळ्या वादात मी आवाज जरा खालीच ठेवला.

दादाने सासवडात १९८१ साली स्टुडिओ टाकला आणि तीसेक वर्षं चालवला. पासपोर्ट, लग्नं, बारशी, शाळांचे वर्गफोटो. मुलगी पुण्यात लग्नांचीच कामं करते, उरल्या वेळात डोंगर आणि जत्रा. लेन्स तिची: कॅननची १७-४०, जुन्यातली घेतलेली, तोंड ७७ मिलिमीटरचं. त्या तोंडावरचा फिल्टर दादाचा. आदल्या दिवशी पुण्याहून मागवून, सकाळी गाडीत बसायच्या आधी त्याने तो स्वतःच्या हाताने चढवला होता. ती 'नको' म्हणत होती. पण काकांनी पदरचे पैसे घालून आणलेल्या वस्तूला किती वेळा नको म्हणणार?

"बघितलंस?" दादा म्हणाला. "फुटला तो फिल्टर. लेन्स वाचली."

"फिल्टर होता म्हणून वाचली हे कशावरून, काका? ही काच दोन मिलिमीटरची. टिचकीने फुटेल. लेन्सची पुढची काच चांगली जाडजूड असते, तिला कदाचित काही झालंही नसतं. उलट आता तिच्या अंगावर काचेचा चुरा पडलाय."

"कदाचित! कदाचितवर धंदा करता येत नाही, पोरी."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पुरावा एकच आणि निष्कर्ष दोन, असं वर्गात झालं की मी प्रयोग पुन्हा करायला सांगायचो. इथे तो करायचा तर तशीच दुसरी लेन्स फिल्टरशिवाय त्याच दीपमाळेवर तेवढ्याच जोराने आपटावी लागली असती. तिला कोणी तयार नव्हतं. म्हणून मी चहा मागवला.

दादाने लेन्स उचलली आणि तोंड जमिनीकडे केलं. "चुरा काढताना हिला वर बघू द्यायची नाही. वरून फुंकर मारलीस की तुकडे आतल्या काचेवर फिरतात. आणि तोंडाने तर फुंकायचंच नाही, थुंकी उडते." ब्लोअरचा रबरी फुगा त्याने दोनदा दाबला. कागदावर साबुदाणा सांडावा तसे तुकडे पडले. मग एका चिमट्याने कडेला अडकलेले एकेक उचलले. सत्तरीतला माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण हात थरथरला नाही. काच गेली. आता राहिली नुसती रिंग, धक्क्याने आट्यांत घट्ट रुतलेली. ती काही फिरेना.

"माझा मुद्दा फुटण्याचा नाहीच," मुलगी म्हणाली. "रोज लावून हिंडण्याचा आहे. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. बाबा, बरोबर ना? फिल्टर लावला की दोन पृष्ठभाग वाढले. साधी काच असेल तर आठ टक्के उजेड वाट चुकला. तो कुठे जातो? आतल्या आत टोलवाटोलवी करतो आणि फोटोवर धुरकटपणा आणतो."

"चांगल्या फिल्टरवर थर दिलेले असतात. मग अर्धा टक्काही फिरत नाही."

"चांगल्या! तो महाग असतो म्हणून लोक स्वस्तातला घेतात. हजारांची लेन्स, आणि तिच्या तोंडावर शेदोनशेची काच."

"अगं, तुझ्या या लेन्सच्या पोटात काचा किती आहेत?"

"बारा."

"बारा काचांतून उजेड येतो तेव्हा तुला काही वाटत नाही. तेरावीनेच काय घोडं मारलं?"

"त्या बारा एकमेकींचा हिशेब करून बसवलेल्या आहेत. तेरावी आगंतुक. तेरावी म्हणजे फोटोचं तेरावंच."

दादा हसला. तो हसतो तेव्हा हरलेला नसतो, पुढची चाल शोधत असतो, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. तेवढ्यात मी माझं ज्ञान पाजळून घेतलं. या साध्या फिल्टरला सगळे 'यूव्ही' म्हणतात, कारण एके काळी त्याला खरंच काम होतं. रोलवरच्या रसायनाला अतिनील किरणही दिसत. महाबळेश्वरच्या पॉइंटवरून दूरच्या रांगा टिपल्या की माणसाच्या डोळ्याला दिसलं नव्हतं इतकं निळसर धुकं फोटोत उतरायचं. ती काच ते कमी करायची. आता कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या तोंडावरच अतिनील आणि अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते, शिवाय लेन्सच्या काचाही बराचसा अतिनील गिळतात. म्हणजे यूव्ही फिल्टरचं मूळ काम संपलं, नाव उरलं. नोकरी गेली तरी 'साहेब' म्हणवून घेणाऱ्या माणसासारखं.

"म्हणजे बाबा माझ्या बाजूचे," मुलगी म्हणाली.

"उजेडापुरता," मी म्हणालो.

"मला कधी त्या निळाईसाठी लावायचाच नव्हता," दादा म्हणाला. "मी लावायचो पुसण्यासाठी. लग्नात अक्षता उडतात, गुलाबपाण्याचे शिंतोडे उडतात. वरातीत गुलाल. पोरं जिलबीच्या बोटांनी लेन्सला हात लावतात. फिल्टर काढला, नळाखाली धरला, धोतराला पुसला, परत चढवला. लेन्स नळाखाली धरशील?"

मला हा त्याचा सगळ्यात बळकट मुद्दा वाटतो. बंदुकीच्या गोळीपासून वाचवणारी ढाल म्हणून फिल्टर विकला जातो खरा, पण रोजच्या धबडग्यात तो ढालीपेक्षा ओट्यावर अंथरलेल्या फडक्यासारखा असतो. घाण त्याच्यावर पडते, तो धुतला जातो. जेजुरीला तर हे डोळ्यांनी दिसतं. भंडारा म्हणजे नुसती हळद नाही, तिच्याबरोबर खोबऱ्याचे तुकडेही उधळतात, आणि हवेत तेलकट पिवळा थर तरंगत असतो. तो काचेवर बसतो, झूमच्या रिंगेत शिरतो, नखांत शिरतो. दुपारपर्यंत फिल्टरवर असा थर होता की मुलीने तो दोनदा काढून माझ्या बाटलीतल्या पाण्याने धुतला. धुताना ती काही बोलली नाही, हे मी लक्षात ठेवलं होतं. ओट्यावर तेच मी बोलून दाखवलं.

"जेजुरीला लावला, मान्य," ती म्हणाली. "कोकणातही लावीन. खारे तुषार काचेवर वाळले की निघता निघत नाहीत. पण काका म्हणतात बारा महिने, अठरा काळ. गेल्या त्रिपुरीला मी कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर होते. हजारो पणत्या. घरी येऊन बघते तर काळ्या आभाळात हिरव्या ठिपक्यांचा दुसरा दीपोत्सव! प्रत्येक पणतीचं भूत बरोब्बर समोरच्या कोपऱ्यात, उलटं. सेन्सरवरून परत फिरलेला उजेड त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत आला. एक रात्र वाया गेली."

"रात्री काढायचा असतो तो."

"तेव्हा नाही सांगितलंत."

"तेव्हा विचारलं नाहीस." मग जरा थांबून, "मीही एका लग्नात तसंच केलं होतं. मांडवातले हॅलोजन. नवऱ्या मुलाच्या कपाळावर हिरवा चंद्र आला होता. त्याच्या बापाने पैसे कापून घेतले."

इथे वाद मिटायला हरकत नव्हती. पण दादा आत गेला आणि चष्म्याच्या डबीबरोबर मोबाईलही घेऊन आला. तो माहितीपुस्तिका वाचणारा माणूस आहे. मिक्सर आणला तरी आधी पुस्तिका वाचतो. मुलीने ही लेन्स घेतली त्याच दिवशी त्याने तिची पुस्तिका उतरवून घेतली होती. ती त्याने माझ्यापुढे धरली. कॅननच्या एल मालिकेतल्या काही लेन्सना, आणि ही १७-४० त्यांतलीच, धूळपाण्यापासूनचा बंदोबस्त पुढे फिल्टर लावल्याशिवाय पुरा होत नाही. झूम फिरवला की पुढची काच नळीच्या आतल्या आत मागेपुढे सरकते. ते तोंड बंद करायला फिल्टर लागतो. बनवणाऱ्यांनीच तसं लिहिलंय.

मुलीने ते दोनदा वाचलं. "हे मला माहीत नव्हतं."

"तेरावी आगंतुक नाही. हिशेबात धरलेली आहे."

"या लेन्समध्ये. माझ्या दुसऱ्या लेन्सना लागू नाही."

"या लेन्सबद्दलच बोलतोय मी. कागदावर पडलीय ती हीच ना?"

मोबाईलवरून आठवलं. दादाच्या स्टुडिओच्या गाळ्यात आता मोबाईलच्या काचा बदलून देणारं दुकान आहे. बाहेर पाटी आहे, आत पोरगा दिवसभर लोकांच्या फोनवर टेम्पर्ड ग्लास चिकटवतो. दादा भाडं घ्यायला गेला की त्याच्याशी गप्पा मारत बसतो. "अख्खा गाव पडद्यावर काच लावून हिंडतो, तिथे कोणी वाद घालत नाही," असं त्याने आता ऐकवलंच. मुलगी म्हणाली, "पडद्यावर लावतो, काका. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर लावली की फोटो खराब येतात म्हणून त्याच पोराकडे परत काढायलाही जातो." हेही खरं आहे, मी गेलो होतो.

आता मला इथे एक सांगायचंय, कारण आतापर्यंत वाचून कोणाला वाटेल की काका फिल्टरवाले आणि पुतणी बिनफिल्टरवाली. तसं नाही. मुलीच्या पिशवीत एक पोलरायझर असतो, दादाच्या फिल्टरच्या चौपट किमतीचा, आणि पावसाळ्यात तो ती ताम्हिणीत उतरल्यापासून काढत नाही. दादाला तो बघवत नाही.

"त्याचं काम दुसऱ्या कशानेच होत नाही," ती म्हणाली. "ओलं पान बघा. त्याच्यावर आभाळाचा पांढरा चकाकता थर असतो. पोलरायझर फिरवला की तो थर निघतो आणि खालचा हिरवा वर येतो. हे घरी कॉम्प्युटरवर करता येत नाही. जो हिरवा कॅमेऱ्यात आलाच नाही तो मागून कुठून आणणार?"

या बाबतीत मी बाजू घेतली, आणि ती घेताना मला माझा जुना वर्ग आठवला. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळे, असं रॅले यांनी म्हटलं होतं. रामन यांनी डेकवर उभं राहून खिशातल्या निकोल प्रिझममधून पाण्याकडे पाहिलं. उभ्या रेषेशी सुमारे ५३ अंशांच्या तिरकसपणाने पाण्यावरून परतणारा उजेड जवळजवळ पुरता एकाच पातळीत कंप पावत असतो, म्हणून प्रिझम योग्य फिरवला की तो पार विझवता येतो. आभाळाचं प्रतिबिंब विझलं. समुद्र तरी निळाच राहिला, उलट अधिक गडद. म्हणजे निळा पाण्याच्या स्वतःच्या पोटातून येत होता. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा त्यांनी तिथूनच 'नेचर'ला पत्र पाठवलं. मुलीच्या पिशवीतला पोलरायझर म्हणजे त्या प्रिझमचाच धाकटा भाऊ. वरची चकाकी काढून आत काय आहे ते बघण्याचं यंत्र.

"रामनसाहेबांना पाण्याचा रंग शोधायचा होता," दादा म्हणाला. "मला पाऊस दाखवायचाय. ओल्या पानाची चकाकी काढलीस तर ते ओलं आहे हे कळणार कशावरून? हिचे ताम्हिणीचे फोटो बघ. सगळं हिरवंगार, आणि एक थेंब पाणी पडल्यासारखं वाटत नाही. भिजलेल्या काळ्या कातळाचं तेज गेलं की तो डांबरासारखा दिसतो. इंद्रधनुष्याच्या दिशेने फिरवला तर इंद्रधनुष्यसुद्धा पुसून टाकतो हा."

"पुसतो किंवा उठावदार करतो. फिरवणाऱ्याच्या हातात आहे."

"आणि आंबोलीच्या फोटोत आभाळाच्या मध्यावर तो काळा डाग?"

"ती माझी चूक. सूर्यापासून काटकोनात आभाळ सगळ्यात गडद होतं. १७ मिलिमीटरमध्ये एवढं आभाळ मावतं की एक भाग काळानिळा आणि दुसरा फिका येतो. रुंद लेन्सला आभाळ असेल तर लावायचा नाही."

"बघ! म्हणजे तुझाही बारा महिने नाही."

मला तेव्हा लक्षात आलं की ही दोघं एकाच वस्तूवर भांडत नव्हती. दादाचा फिल्टर वस्तू जपण्यासाठी होता, फोटोत तो दिसताच कामा नये. मुलीचा फिल्टर दृश्य बदलण्यासाठी होता, फोटोत दिसला नाही तर पैसे वाया. दादाने पहिली लेन्स पतपेढीचं कर्ज काढून घेतली, आणि ती फुटली असती तर लग्नाचा अख्खा हंगाम बुडाला असता. अशा माणसाला काच ही आधी मालमत्ता असते. मुलीचीही लेन्स फुकटची नाही, पण तिला भाड्याने दुसरी मिळते आणि लग्न निभावतं. भीती कमी झाली की माणूस तेरा काचा मोजायला लागतो. माझं मत विचाराल तर मी हिशेबात मुलीकडे आणि जत्रेत दादाकडे आहे, आणि ओल्या कातळाच्या बाबतीत पुन्हा दादाकडे.

काळ्या एनडी फिल्टरवरून फार वेळ गेला नाही. तिच्याकडे दहा स्टॉपचा आहे, उजेड हजारपट कमी करतो. सेकंदाच्या तिसाव्या भागाचा फोटो अर्ध्या मिनिटाचा होतो आणि धबधबा कापसासारखा येतो. दादा म्हणाला, "दूध ओतल्यासारखा," आणि तिने मान्य केलं की पहिली दोन वर्षं तिने दूधच ओतलं.

तोवर दादाने आतून पत्र्याचा डबा आणला होता. बिस्किटांचा जुना डबा, झाकण उघडताना किंचाळणारा. आत मऊ कापडात गुंडाळलेल्या त्याच्या काचा, सगळ्या ५२ मिलिमीटरच्या, त्याच्या एफएम-टू कॅमेऱ्याच्या मापाच्या. मुलीच्या लेन्सला त्यातली एकही बसणार नव्हती. तरी त्याने एकेक काढून कागदावर मांडली, बोहारणीसमोर भांडी मांडावीत तशी. एक जांभळट: ट्यूबलाइटखाली रंगीत रोलवर सगळं हिरवट यायचं, हळद लावलेली नवरी शेवाळलेली दिसायची, तेव्हा ही लावायची. एक बारीक रेघा कोरलेली: दिव्यांना चांदणीसारखी किरणं फुटायची, रेघांच्या दोन रांगा एकमेकींना काटकोनात असल्या की चार टोकांची चांदणी. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक दिव्याला अशी चांदणी आहे आणि एका पानावर मी बदामाच्या आकाराच्या चौकटीत हिच्याकडे बघतोय. मुलीने तो अल्बम लहानपणी पाहिला तेव्हा विचारलं होतं, बाबा तुम्ही बदामात का बसलात. ट्यूबलाइटचं काम आता कॅमेऱ्यातल्या एका बटणाने होतं. चांदण्यांची आणि बदामांची हौस फिटली.

डब्याच्या तळाशी लाल काच होती.

"ही जेजुरीची," दादा म्हणाला. "तेव्हा रंगीत रोल परवडत नव्हता. पहिल्या वर्षी साध्या कृष्णधवल रोलवर काढले. भंडारा राखाडी आला. धूर आहे की धुकं, कळेना. दुसऱ्या वर्षी ही लावली. उजेड आठपट कमी होतो, त्यामुळे भर दुपारी गेलो. आभाळ काळंशार आलं आणि भंडारा पांढराशुभ्र. हळदीत लाल असतोच, तो या काचेतून सगळा येतो. आभाळाचा निळा अडतो."

"आणि निळी काच लावली असती तर?" मी विचारलं, शिक्षकाची खोड.

"तर हळद काळी आली असती. खंडोबाच्या जत्रेत बुक्का!" दादा स्वतःच्याच वाक्यावर खूश झाला. "मग ते अमेरिकेतले ॲन्सेल ॲडम्स..."

"त्यांना आज सुट्टी द्या, काका," मुलगी म्हणाली. "हाफ डोम, १९२७, शेवटची प्लेट, आधी पिवळा फिल्टर मग लाल, आभाळ काळं. प्रत्येक वादात येतात ते. आणि हे सगळं मी आता घरी बसून करते. रंगीत फोटो घ्यायचा, कृष्णधवल करायचा, लाल पट्टी सरकवली की भंडारा पांढरा, निळी सरकवली की बुक्का. लाल काच मला लागतच नाही."

"लाल पट्टी तुझ्याकडे आली कुठून?" मी विचारलं.

ती थांबली. तिला माहीत होतं, फक्त त्या बाजूने तिने पाहिलं नव्हतं. सेन्सरच्या ठिपक्यांना रंग कळत नाही, नुसता उजेड किती ते कळतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एक चिमुकला रंगीत फिल्टर बसवलेला असतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६चं. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. तिचा कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा. म्हणजे साठ लाख लाल फिल्टर, साठ लाख निळे, एक कोटी वीस लाख हिरवे.

"दोन कोटी चाळीस लाख फिल्टर लावून हिंडते," दादा म्हणाला, "आणि मला म्हणते एक जास्त झाला."

"पण ते मला आधी निवडावे लागत नाहीत!" ती उसळून म्हणाली. "तुम्ही गडावर ठरवून टाकलंत, भंडारा पांढरा. मग तो पांढराच. मी ते उद्या ठरवीन, परवा बदलीन."

"म्हणून तर तुझे जेजुरीचे मागच्या वर्षीचे फोटो अजून कॉम्प्युटरमध्येच आहेत."

हा घाव वर्मी लागला. ती काही बोलली नाही, लेन्स उचलून रिंग पुन्हा पिळायला लागली. बोटांची पेरं पांढरी पडली. रिंग ढिम्म.

"जोर लावलास की गोल रिंग लंबगोल होते, म्हणून अडते," दादा म्हणाला. "दोन बोटांत धरतेस तिथेच चेपते. सगळीकडून सारखी धरायला हवी." त्याने पायातली रबरी चप्पल काढली, तळवा धुऊन आणायला मला पाठवलं, कोरडा करून ओट्यावर पालथी ठेवली. आधी ब्लोअरने रिंग पुन्हा झाडली, टॉर्च मारून एकही तुकडा उरला नाही हे पाहिलं. मग लेन्स तोंडावर अलगद चपलेच्या तळव्यावर टेकवली, वरून बेताचा दाब दिला आणि लेन्सच फिरवली. रबराने रिंग चहूबाजूंनी सारखी पकडली. कुर्र असा आवाज आला, पिवळी पूड गळली, आणि लेन्स सुटली. रिंग चपलेवर बसून राहिली.

मुलीने टॉर्च तिरकी धरून काचेवर फिरवली. मी श्वास धरला, कारण हूड. अगदी कडेला, केसाएवढा एक ओरखडा.

"चुऱ्याचा," ती म्हणाली. "फिल्टर नसता तर हा नसता."

"दगडाचा झाला असता. बोटाएवढा."

तिने लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि तुळशीवृंदावनाचे चार-पाच फोटो काढले. एफ ४ला, एफ २२ला, अंगणातल्या दिव्याकडे तोंड करून एक. पडद्यावर मोठे करकरून पाहिले. ओरखडा कुठेच नव्हता. एवढ्या जवळची रेघ लेन्सला दिसतच नाही, ती तिच्या नजरेआड विरघळून जाते. दिवा समोर असताना एका ठिकाणी जरासा फिकटपणा वाटला, पण तो ओरखड्याचा की काचेवर उरलेल्या हळदीचा, तिलाच सांगता येईना.

"फोटोत दिसत नाही," ती म्हणाली, जरा विजयी सुरात.

"विकायला गेलीस की दिसेल," दादा म्हणाला.

बायको चहाचे कप गोळा करायला बाहेर आली. कागदावरच्या काचा, पालथी चप्पल आणि त्यात बसलेली रिंग पाहून तिने काही विचारलं नाही. माझ्या शर्टाकडे मात्र पुन्हा एकदा बघून गेली. दादा रिंग डब्यात टाकत होता, कशाला ते त्यालाच ठाऊक. मुलीने लाल काच उचलली, कापडाने पुसली आणि एक डोळा मिटून तिच्यातून अंगण, तुळस, दादा असं बघत बघत माझ्यावर आली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या शर्टावरचे डाग गेले की! एकही दिसत नाही."

"मग ती काच," मी म्हणालो, "पळत जाऊन आईला दे."